रिकॉलमध्ये पंप बदलला म्हणतात, पण सीटची गाठ मी बांधली तशीच आहे

शाळेच्या_बाई

नमस्कार. गाडीतलं मला फारसं कळत नाही, चालवता येते एवढंच. चुकत असेन तर स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

राहते देवरुखला, शाळा साखरप्याच्या बाजूला. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१९ ची, ४८ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाची अब्रू काढायची नाही, माझ्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे. महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूरला जाते, तिथे आई एकटी असते.

जानेवारीत कोल्हापूरहून परत येताना घाट उतरत असताना गाडी चालता चालता गप्प झाली. धक्का नाही, आवाज नाही. ॲक्सिलरेटर दाबतेय तर पुढे काहीच नाही, जणू फळ्यावर खडू टेकवला आणि उमटलंच नाही. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा पाय दगडावर ठेवल्यासारखा. मागे उसाचा नाही, पण तेवढाच लांब कसला तरी ट्रक. कशीबशी कठड्याच्या कडेला घेतली. दहा मिनिटांनी सेल मारला तर काही झालंच नाही अशा थाटात चालू. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, घाटातल्या देवाला नारळ ठेवला नव्हतास. नारळ ठेवला होता.

फेब्रुवारीत सर्व्हिस सेंटरमधून फोन आला: मॅडम, तुमची गाडी फ्यूएल पंपाच्या रिकॉलमध्ये आहे, पंप फुकट बदलून देणार. रिकॉल म्हणजे कंपनी दोष निघालेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावते ते, आणि हा पंप टाकीतलं पेट्रोल इंजिनकडे पोचवतो. मला घाट आठवला. पण शाळेची तपासणी होती, मग दहावीच्या परीक्षेची ड्युटी, असं करत करत गेल्या मंगळवारी रजा काढून गेले.

सकाळी ९:४० ला गाडी आत गेली, ११:२५ ला परत मिळाली. पिवळ्या कागदावर लिहिलंय 'रिकॉल कॅम्पेन कम्प्लीटेड'. बिल शून्य. पार्टचा रकाना कोरा. सही मात्र माझ्याकडून गाडी आत जायच्या आधीच घेतलेली. मीटर गाडी दिली तेव्हा ४८,२१६, घेतली तेव्हा ४८,२१७. गाडी लखलखीत धुतलेली. टायरला ते काळं चकचकीत काहीतरी फासलेलं.

घरी आल्यावर मागच्या सीटवरची पिशवी उचलताना सहज लक्ष गेलं. गेल्या मे महिन्यात सीट कव्हरचं इलॅस्टिक तुटलं, तेव्हा मी ते निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलं होतं, दोन्ही बाजूंना दुहेरी गाठ आणि टोकं मेणबत्तीवर जाळलेली. मला सांगितलं होतं की पंप मागच्या सीटखाली असतो. गाठी जशाच्या तशा. जळलेली टोकंसुद्धा तशीच.

पंप न बदलता बदलला असं लिहितात का? की मी उगाच संशय घेतेय? आणि घरच्या घरी ओळखायचं कसं?

बिनधास्त_सारथी

ताई, गाडी चालतेय ना? मग कशाला डोक्याला ताप. फुकटचं काम आहे, कंपनी पैसे देते डीलरला. तो कशाला काम टाळेल? आणि गाठ म्हणाल तर माझी बायको पण घरातली चादर कुणी हलवली ते घडीवरून ओळखते. दरवेळी बरोबर असतेच असं नाही.

जुना_फोरमन

बाई, नमस्कार. पिंपरी-भोसरीकडच्या वर्कशॉपांत ३१ वर्षं काढली, आता नातवाला बालवाडीत सोडतो. आधी तुमचे पुरावे बाद करतो, मग कामाचं बोलू.

वेळ. पावणेदोन तासांत पंप बदलून होतो. टाकी उतरवावी लागत नसेल तर सराईत हाताला तासभर पुष्कळ. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण असतं, ते काढलं की टाकीचं तोंड दिसतं आणि पंप वरून उचलता येतो.

मीटर. पंप बदलल्यावर जागेवर गाडी चालू करून गळती बघतात. लांब ट्रायल मारलीच पाहिजे असं काही नाही.

गाठ. सीटची बैठक पुढच्या कडेने वर उचकली की क्लिपा सुटतात आणि कव्हरसकट उचलली जाते. दोरी बैठकीच्या खालून जाऊन आपल्याआपल्यातच बांधलेली असेल, तर गाठीला बोट न लावता सीट निघते. तेव्हा सांगा, तुमची गाठ कशाला बांधली आहे?

आणखी एक. रिकॉल म्हणजे दरवेळी बदलणंच असतं असं नाही. मारुतीने २०२० च्या जुलैमध्ये वॅगन आर आणि बलेनोच्या १,३४,८८५ गाड्या फ्यूएल पंपासाठी बोलावल्या, तेव्हा जाहीर केलं होतं की तपासणार आणि पंप सदोष निघाला तर फुकट बदलणार. होंडाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ९०,४६८ गाड्या बोलावल्या, तेव्हा पंप बदलूनच द्यायचा होता. तुमच्या कंपनीच्या पत्रात किंवा मेसेजमध्ये नेमका शब्द कोणता आहे ते बघा. 'तपासणी' असेल तर पार्टचा रकाना कोरा राहू शकतो. मात्र तपासायला झालं तरी सीट उचलावीच लागते, लॉट नंबर पंपावर असतो.

@बिनधास्त_सारथी, हा पंप बिघडतो कसा ते ऐका, मग ताप घ्यायचा की नाही ठरवा. पंपात प्लास्टिकचा छोटा पंखा असतो, इम्पेलर म्हणतात. काही लॉटमध्ये त्याचं प्लास्टिक हवं तेवढं घट्ट नव्हतं. ते पेट्रोल पितं, फुगतं, आजूबाजूला घासायला लागतं आणि मोटर अडते. जपानच्या डेन्सोच्या अशा पंपांपायी २०२० पासून टोयोटा, होंडा, सुबारू अशा कितीतरी कंपन्यांना जगभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. बाईंचा पंप कुणाचा ते मला माहीत नाही, पण आजाराची लक्षणं ओळखीची वाटतात. आज चालतेय हे काही औषध नव्हे. अडलेला पंप कधी पुन्हा फिरतो, कधी फिरतच नाही. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते. बाईंनी दगडावर पाय ठेवल्यासारखं लिहिलंय ना, ते तेच.

शाळेच्या_बाई

काका, सविस्तर लिहिलंत, आभार. मेसेज उघडून बघितला. 'रिप्लेसमेंट ऑफ फ्यूएल पंप' असं स्वच्छ लिहिलंय. तपासणीचा शब्द नाही.

गाठीचं. बैठक आणि पाठ यांच्या फटीत हात घातला की दोन लोखंडी गज लागतात, लहान मुलांची सीट अडकवतात ते. त्यांना बांधली आहे, दुसरं काही हाताला लागलं नाही म्हणून. ते गज गाडीलाच पक्के आहेत, सीटला नाहीत. आत्ता जाऊन हलवून बघितले.

जुना_फोरमन

मग माझं म्हणणं मागे घेतो. त्या गजांना दोरी बांधलेली असताना बैठक बाहेर येणार नाही. फार तर पुढून चार बोटं उचलेल, तेवढ्यात पंप निघत नाही.

आता तुम्ही स्वतः बघा. सीट उचलण्यात धोका नाही, झाकण मात्र उघडू नका. आत पेट्रोलची वाफ असते आणि लाइनमध्ये प्रेशर राहतं. एक गाठ सोडा, बैठकीची पुढची कड दोन्ही हातांनी वर खेचा, मोबाईलचा टॉर्च लावा. झाकणाचे स्क्रू असतील तर त्यांच्या खाचा बघा. ताजा पान्हा किंवा स्क्रूड्रायव्हर लागला की खाचेत चकाकी येते, निदान धूळ तरी जाते. स्क्रूऐवजी काळा चिकट लगदा लावून झाकण बसवलेलं असेल तर तो तुटून पुन्हा दाबलेला ओळखू येतो. वायरचा कनेक्टर दिसला तर त्यावर बोटांचे ठसे आहेत का बघा. आणि काही हलवायच्या आधी फोटो काढा.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत अशा वेळी लोक एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्तासुरक्षा संस्थेच्या साइटवर गाडीचा १७ आकडी व्हिन नंबर (म्हणजे चेसिस नंबर) टाकतात. काम बाकी असेल तर रिकॉल दिसतं, झालं की यादीतून जातं. पण ती माहिती कंपनीकडून येते आणि कंपनीला डीलर कळवतो. म्हणजे डीलरने 'झालं' म्हटलं की साइटही 'झालं' म्हणते. तुमच्याकडेही कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून बघा, पण तिथे हिरवं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

रिकॉलचं काम चुकू शकतं हे कंपन्यांनीही मान्य केलेलं आहे. फोर्डने २०२३ मध्ये २००४ ते २००६ च्या दोन लाखांहून जास्त रेंजर पिकअप पुन्हा बोलावल्या. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगसाठी त्या आधी एकदा येऊन गेलेल्या. बदललेला इन्फ्लेटरच (एअरबॅग फुगवणारा डबा) नीट बसवला गेला नसावा अशी शंका होती. टाकाटाचं प्रकरण काय होतं ते आठवत असेल तर अंगावर काटा येईल. दमट हवेत वर्षानुवर्षं राहून इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट बिघडायचं आणि अपघातात एअरबॅगऐवजी लोखंडाचे तुकडे तोंडावर यायचे. त्यावरचा उपाय करतानाही हाताची चूक होऊ शकली. तेव्हा बाई, तुमचा संशय उगाच नाही.

शाळेच्या_बाई

बघितलं. फोटो इथे टाकत नाही, गाडीचा नंबर दिसतोय. शब्दांत सांगते.

सीटखाली आमच्या रस्त्यांची लाल माती, सगळीकडे सारखी पसरलेली, पोळपाटावर पीठ भुरभुरावं तशी. मधे लांबट काळं झाकण, चार स्क्रू. चारही स्क्रूंच्या खाचा मातीने भरलेल्या, दोघांवर गंज. झाकणाच्या कडेलगत सात चिंचोके, एक शार्पनर आणि पाच रुपयांचं नाणं. चिंचोके माझ्या धाकट्याचे, दिवाळीच्या सुट्टीत मागे बसून एकी-बेकी खेळत होते ती मुलं. शार्पनर तर तो दोन महिने शोधत होता, वर्गातल्या मुलाने चोरला म्हणून भांडून आला होता. त्या मुलाची माफी मागायला लावली.

दोन चिंचोके झाकणाच्या वरच होते, अगदी मधोमध.

जुना_फोरमन

पंप बदलून चिंचोके पुन्हा मधोमध मांडून ठेवणारा मेकॅनिक मी तरी ३१ वर्षांत पाहिला नाही.

आता कोल्हापूरला त्या गाडीने जाऊ नका. एसटीने जा.

काउंटरच्या_आत

मी सध्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये ॲडव्हायझर आहे (दुसऱ्या जिल्ह्यात, दुसरी कंपनी), म्हणून हे नाव घेऊन लिहितो. बहुतेक काय झालं असेल ते सांगतो.

महिनाअखेर आली की वरून फोन सुरू होतात. तुमच्या भागातल्या रिकॉलच्या यादीत इतक्या गाड्या, पैकी किती झाल्या, किती टक्के? मार्चमध्ये तर विचारू नका. पार्ट मात्र मागवले त्याच्या निम्मे येतात. ग्राहक ५० किलोमीटरवरून रजा काढून आलेला असतो, त्याला 'पार्ट नाही' सांगितलं की तो फीडबॅकच्या फोनवर शून्य मार्क देतो, ते आमच्या पगारातून जातात. मग काही ठिकाणी काय करतात, गाडी आत घेतात, धुतात, कामाचं कार्ड 'झालं' म्हणून बंद करतात. पार्ट आला की 'मॅडम, फ्री चेकअप कॅम्प आहे' म्हणून पुन्हा बोलावून गुपचूप बसवायचा बेत असतो. कधी बोलावतात, कधी राहून जातं. मी समर्थन करत नाही. आमच्याकडे एकदा असं झालं तेव्हा मी सही करायला नकार दिला आणि सहा महिने मला वॉशिंगच्या नोंदी लिहायला बसवलं होतं.

तुम्ही भांडायला जाऊ नका. कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, सर्व्हिस सेंटरला नुसती कॉपी ठेवा. चेसिस नंबर देऊन एवढंच विचारा: माझ्या गाडीचं कॅम्पेन तुमच्या सिस्टिममध्ये ओपन आहे की क्लोज्ड? क्लोज्ड असेल तर कोणत्या तारखेला, बसवलेल्या पंपाचा पार्ट नंबर काय आणि काढलेला पंप कुठे आहे? रिकॉलचे जुने पार्ट भंगारात टाकायचे की परत पाठवायचे हे कंपनी ठरवते, त्यामुळे त्याची नोंद ठेवावी लागते. या प्रश्नाला थाप मारून उत्तर देता येत नाही. चिंचोक्यांचा फोटो पहिल्या मेलमध्ये जोडू नका. आधी त्यांचं उत्तर लेखी येऊ द्या.

तालुका_कोर्ट

वरच्या सल्ल्यात थोडी भर. वकिली करतो, पण इथे लिहितोय तो गाडीवाला म्हणून.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना ते लागू आहेत, तुमची बसते का ते तारखेवरून बघा. पण त्यातला १० लाख ते १ कोटींचा दंड सक्तीच्या, म्हणजे सरकारने करायला लावलेल्या रिकॉलसाठी आहे. कंपनीने स्वतःहून बोलावलेल्या गाडीचं एका सर्व्हिस सेंटरने काम केलं नाही, तर त्या दंडाची भीती घालून उपयोग नाही. तुमचा रस्ता ग्राहक कायद्याचा, सेवेतील त्रुटी.

तिथे एक वाद ते घालू शकतात: काम फुकट होतं आणि फुकट सेवा कायद्याच्या व्याख्येत येत नाही. यावर म्हणणं असं की पंपाचे पैसे तुम्ही २०१९ मध्ये गाडीच्या किमतीत दिलेले आहेत, तो सदोष निघाला म्हणूनच बदलायचा आहे. ती काही भेट नव्हे. नव्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षं. पण हे सगळं शेवटचं. आधी मेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि बहुतेक तिथेच मिटतं. तो पिवळा कागद मात्र लॅमिनेट करू नका, शाई उडते. झेरॉक्स काढा.

बिनधास्त_सारथी

ताई, चिंचोके वाचून मी पण माझ्या गाडीची सीट उचलली. पंप-बिंप काही बघितलं नाही, पण ३८ रुपये सुटे आणि बायकोचं कानातलं सापडलं. तुम्हाला चादरीचं बोललो ते परत घेतो.

शाळेच्या_बाई

उशीर झाला लिहायला. काय काय झालं ते सांगते.

मेल रविवारी रात्री पाठवला, 'काउंटरच्या आत' यांनी सांगितलं तसाच, चार ओळींचा. सोमवारी काही नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीत कंपनीचं उत्तर आलं की कॅम्पेन क्लोज्ड आहे, पार्टचा तपशील संबंधित डीलरकडून मागवला आहे. त्यानंतर अर्ध्या तासात सर्व्हिस मॅनेजरचा फोन. 'मॅडम, थोडा गैरसमज झालाय.' मी म्हटलं, माझा की तुमचा? तर म्हणाले, सिस्टिममध्ये चुकून क्लोज झालं, पार्ट गुरुवारी येतोय, गाडी न्यायला आमचा माणूस पाठवतो. मी म्हटलं गाडी मीच आणीन, आणि काम चालू असताना तिथे उभी राहीन.

शनिवारी गेले. ग्राहकांना आत जायची परवानगी नाही म्हणाले, सुरक्षेचा प्रश्न. मला पटलं ते, पेट्रोलचं काम आहे. पिवळ्या रेषेच्या बाहेर खुर्ची टाकून बसले, तिथून गाडीचं मागचं दार दिसत होतं. मेकॅनिक मुलगा पंचविशीचा असेल. मला 'बाई' म्हणाला. माझा विद्यार्थी नव्हे, पण आमच्याकडे शाळेच्या बाईंना ओळखायला विद्यार्थी असावं लागत नाही. गाठ सोडायला मला बोलावलं त्याने. जळलेल्या टोकामुळे निघेना, शेवटी कात्रीने कापली. तेव्हा तो हळूच म्हणाला, 'बाई, त्या दिवशी गाडी नुसती वॉशिंगला गेली होती. मीच नेली होती.' मॅनेजर तेव्हा फोनवर होते.

त्याने आधी बॅटरीची तार काढली. मग झाकण, कनेक्टर, पाइप, मोठी गोल रिंग. पंप बाहेर काढला तो स्टीलच्या लोट्याएवढा काळा डबा, खाली जाळी. हवेत पेट्रोलचा असा भपका की मी खुर्ची अजून मागे घेतली. पंखा आत असतो, बाहेरून काहीच दिसत नाही. इतके दिवस ज्याला मनातल्या मनात शिव्या देत होते तो डबा दिसायला अगदी गरीब होता. जुना आणि नवा शेजारी ठेवून दोघांच्या लेबलचे फोटो काढू दिले, नंबर वेगळे आहेत. जुना पंप घरी न्यायला मिळाला नाही, कंपनीला परत जातो म्हणाले. नवा कागद मिळाला, आता पार्टचा रकाना भरलेला आहे. जुन्या कागदावर 'काम झाले नव्हते' असं लिहून सही द्या म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, तसं देता येत नाही. शेवटी मेलवर लिहून दिलं, 'प्रथम भेटीत पार्ट बसवता आला नाही.' मराठीचा तास असता तर 'आला नाही'खाली लाल रेघ मारली असती.

पैसे काही मागितले नाहीत मी. जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि एक रजा गेली. हेल्पलाइनला नोंदवावं की नाही अजून ठरवलं नाही. त्या मुलावर शेकेल अशी भीती वाटते.

आता काकांना एक विचारायचंय. परत येताना टाकी फुल केली. आज सकाळी गाडी उघडली तर आत पेट्रोलचा वास. फार नाही, पण आहे. सांडलेलं असेल का?

जुना_फोरमन

सांडलेलं असतं तर शनिवारीच उडून गेलं असतं. टाकी भरल्यावर वास येतोय म्हणजे वरच्या रिंगेपाशी शंका आहे. त्या गोल रिंगेखाली रबरी सील असतं. पंप काढला की ते नवं टाकायचं असतं. जुनं परत वापरलं किंवा नवं बसवताना मुरगळलं की टाकी अर्धी असेपर्यंत कळत नाही, भरली की वाफ आणि कधी पेट्रोलही वर येतं.

गाडी चालू करू नका. बंद शेडमध्ये असेल तर दोघांनी ढकलून बाहेर काढा, काचा उघड्या ठेवा, आजूबाजूला चूल, उदबत्ती, सिगरेट काही नको. सर्व्हिस सेंटरला आत्ता फोन करा आणि 'गळती' हा शब्द वापरा, 'वास' म्हणू नका. माणूस इथे पाठवा म्हणा. या वेळी गाडी घेऊन तुम्ही जायचं नाही.

काउंटरच्या_आत

काकांना दुजोरा. गळती म्हटलं की आमच्याकडे त्याच दिवशी गाडी हलवावी लागते, ते टाळता येत नाही. येणाऱ्या माणसाला नवं सील घेऊनच ये म्हणून सांगा, नाहीतर तो नुसता बघून जाईल.

शाळेच्या_बाई

दुपारी तीनला आला. तोच मुलगा, दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन, खिशात सील. मी आणि शेजारचे भाऊ मिळून गाडी आंब्याखाली ढकलून ठेवली होती. झाकण उघडलं तर रिंगेच्या कडेला एका बाजूला ओल. सील नवंच होतं, पण एका ठिकाणी दुमडलं गेलं होतं. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, 'बाई, शनिवारी मॅनेजर डोक्यावर उभे होते, घाई झाली. पाटीपेन्सिल काढून पुन्हा लिहायला बसवा मला.' सील बदललं, गाडी चालू करून दहा मिनिटं टॉर्च मारून बघत बसला, माझ्याकडे पन्हं प्यायला आणि गेला. सासूबाईंनी त्याला दोन आमसुलाच्या पुड्या दिल्या. मी हेल्पलाइनला नोंदवणार नाही, ठरलं. पहिल्या दिवसाच्या खोट्या कागदाबद्दल कंपनीला मात्र दुसरा मेल पाठवलाय, त्यात मेकॅनिकचा उल्लेख नाही.

आज दुसरा दिवस, वास नाही. कव्हर अजून बांधलेलं नाही, सीट मोकळीच आहे. चिंचोके डबीत.

जुना_फोरमन

बरं केलंत. टाकी पुन्हा एकदा काठोकाठ भरा, गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवा आणि संध्याकाळी दार उघडून पहिला श्वास तिथेच घ्या. काही आलं नाही तर मग बांधा कव्हर, आणि या वेळी त्या गजांना नको.